उपग्रहातून उजनीचं पाणी वाचायला शिकताना

काचेचे दोन पेले घ्या. एकात बाभळीच्या सालीचे चार तुकडे टाकून पाणी रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्यात शेतातली चमचाभर काळी माती ढवळा. सकाळी दोन्ही पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. मातीचं पाणी बऱ्यापैकी निवळतं आणि कागदावर काळपट थर उरतो. सालीचं पाणी मात्र होतं तसंच खाली उतरतं, बिनदुधाच्या चहासारखं. कागदातून जे निसटलं, तेच आपल्याला मोजायचं आहे. शास्त्राच्या पुस्तकी भाषेत त्याला विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य म्हणतात. त्यातल्या रंगीत भागाला या क्षेत्रातली माणसं 'सीडॉम' म्हणतात आणि आपणही पुढे तेच म्हणू. मोजायचं कुठून, तर ७८६ किलोमीटर उंचीवरून, सेंटिनेल-२ नावाच्या उपग्रहाच्या डोळ्यांनी.

हे लिहितोय ते सोलापूर जिल्ह्यातल्या भूगोल, रसायन किंवा पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांना नकाशे करता येतात पण पाण्याची बाटली कधी हातात धरलेली नाही अशांसाठी. बहुतेक नवखे उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी चित्र उतरवून घेतात, कुठलं तरी तयार सूत्र लावतात, लाल-पिवळा नकाशा काढतात आणि मग विचारतात, 'हे बरोबर आहे का?' त्या प्रश्नाला उत्तर नसतं. बाटली आधी, उपग्रह नंतर, ही या लेखाची चाल आहे.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं

सीडॉम स्वतः चमकून दिसत नाही. ते प्रकाश खातं, तोही मुख्यतः अतिनील, जांभळा आणि निळा. लाल प्रकाशाला ते जवळजवळ हातच लावत नाही. म्हणून सीडॉम भरलेलं पाणी पिवळट-तपकिरी दिसतं. कुर्ट काले या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात समुद्राच्या पाण्यातल्या या पदार्थाला 'गेल्बस्टॉफ', म्हणजे पिवळं द्रव्य, असं सरळ नाव दिलं होतं. त्याच्या शोषणाची एक ठरलेली चाल आहे: तरंगलांबी वाढत गेली की शोषण घातांकी वेगाने उतरतं. एका तरंगलांबीचं शोषण आणि उताराचा आकडा ठाऊक असला की बाकीचा आलेख काढता येतो. हा उतार साधारण दर नॅनोमीटरला ०.०१२ ते ०.०२२ च्या दरम्यान असतो.

एक उदाहरण हाताने सोडवून बघा. समजा ४४० नॅनोमीटरला शोषण प्रति मीटर १.२० आहे आणि उतार ०.०१७. मग ४१२ नॅनोमीटरला ते १.९३ होतं आणि ३५० ला थेट ५.५४. निळ्याकडून अतिनीलकडे जाताना आकडा चौपटीहून वाढला. म्हणून 'सीडॉम इतकं इतकं आहे' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या तरंगलांबीला?

दुसरी गोष्ट, सीडॉम म्हणजे एकूण विरघळलेला सेंद्रिय कार्बन नव्हे. एकूण कार्बनचा आकडा, ज्याला प्रयोगशाळेत डीओसी म्हणतात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो. त्यातला बराच भाग रंगहीन असतो आणि उपग्रहाला तो दिसणं शक्य नाही. जंगलातून येणाऱ्या थंड प्रदेशातल्या नद्यांत रंग आणि कार्बन हातात हात घालून चालतात, म्हणून तिथे रंगावरून कार्बनचा अंदाज बांधता येतो. उजनीत ती जोडी सुटते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातलं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे भीमेत आणि भीमेतून धरणात येतं. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग बराचसा बिनरंगी असतो. शिवाय मार्च ते मे आपल्याकडचं ऊन सीडॉमला अक्षरशः विरंजित करतं, दोरीवर वाळत घातलेल्या रंगीत चादरीसारखं. रंग उडतो, पण कार्बन त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून नवख्यांनी पहिल्या वर्षी फक्त सीडॉमचं शोषण मोजावं, कार्बनच्या गोष्टी करू नयेत.

एवढा खटाटोप कशासाठी? पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकला की विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याशी त्याची प्रक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन गटातली घातक संयुगं तयार होतात. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. शिवाय पाण्यात प्रकाश किती खोल जाणार, शेवाळाला किती मिळणार, हेही सीडॉमवर अवलंबून असतं.

समुद्राचं शास्त्र, धरणाचं पाणी

सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. तरीही आपण वापरतो ते सगळं शास्त्र समुद्रासाठीच घडलं. १९७८ साली निंबस-७ या उपग्रहावरून पहिला सागररंग-संवेदक गेला. १९९७ मध्ये सीविफ्स आणि २००२ मध्ये ॲक्वा उपग्रहावरचा मोडिस आला. आपल्या इस्रोने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला. आज त्याच घराण्यातला ईओएस-०६ (नोव्हेंबर २०२२) फिरतो आहे, १३ रंगपट्ट्यांचा, सुमारे ३६० मीटरच्या चौकटीचा. (चौकट म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर जेवढी जागा झाकतो ती.) हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याच्या सूचना देते, त्यामागेही सागररंगाचाच आधार असतो.

मोकळ्या समुद्रात काम तुलनेने सोपं. तिथे पाण्याचा रंग मुख्यतः सूक्ष्म शैवाल ठरवतात, आणि सीडॉमही बहुतांशी त्यांच्याच मागोमाग कमी-जास्त होतं. किनाऱ्यालगत, नदीमुखाशी आणि धरणात तसं नसतं. तिथे शैवाल, गाळ आणि सीडॉम तिघे आपापल्या मर्जीने वागतात आणि तिघेही निळा प्रकाश खातात. समुद्रासाठीच्या तयार उत्पादनांत '४४३ नॅनोमीटरला सीडॉम आणि निर्जीव कण यांचं एकत्रित शोषण' असा एकच आकडा मिळतो, कारण दोघांच्या शोषणाची चाल इतकी सारखी असते की वरून ते वेगळे काढता येत नाहीत. हे एकदा मनात पक्कं बसलं की उजनीच्या नकाशाकडे बघण्याची नजरच बदलते. भीमेचं हे पाणी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होतं, रायचूरकडे कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे समुद्री उत्पादनांत कृष्णेच्या मुखाशी जो पिवळट पट्टा दिसतो, त्यात थोडा वाटा आपलाही आहे.

पायरी पहिली: पाणी निवडा, त्यावरून उपग्रह निवडा

शहरातला संभाजी तलाव, म्हणजे जुन्या लोकांचा कंबर तलाव, आणि सिद्धेश्वर तलाव नवख्यांना मोह पाडतात, कारण रिक्षाने जाता येतं. पण ३०० मीटरच्या चौकटीत हे तलाव मूठभर ठिपक्यांत संपतात, आणि त्यातही कडेच्या झाडांचा, इमारतींचा उजेड मिसळतो. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चौकटीतसुद्धा फक्त मधला भागच कामाचा. सरावाला ठीक, मोजमापाला नाही.

तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव, कागदोपत्री एकरुख तलाव, सुरुवातीला उत्तम. ब्रिटिश काळात, एकोणिसाव्या शतकात बांधलेला, पसरट आणि शहराच्या हाताशी. मात्र पाणी कमी असेल त्या वर्षी तो उथळ होतो आणि तळ दिसायला लागतो. तळाचा रंग म्हणजे पाण्याचा रंग नव्हे.

खरं काम उजनीवर, टेंभुर्णीजवळच्या भिंतीमागे पसरलेल्या यशवंतसागरावर. तिथे रुंद भागात सेंटिनेल-३ सुद्धा चालतो. त्यावरच्या ओल्सी संवेदकाला ४०० नॅनोमीटरपासून सुरू होणारे २१ पट्टे आहेत आणि सीडॉमसाठी ते सोन्यासारखे. फक्त चौकट ३०० मीटरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला पेस उपग्रह अतिनीलपासून सलग वर्णपट देतो, पण त्याची चौकट किलोमीटरभराची, म्हणजे उजनीसाठीही जाड. मी नवख्यांना सांगतो, सेंटिनेल-२ घ्या. ५६० आणि ६६५ नॅनोमीटरचे पट्टे १० मीटरचे, ७०५ चा २० मीटरचा, ४४३ चा ६० मीटरचा. दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी एक चित्र, आणि सगळं फुकट.

पायरी दुसरी: तारीख धरा

जून ते सप्टेंबर विसरा, ढगच ढग. ऑक्टोबरच्या मध्यापासून आभाळ मोकळं होतं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

मार्चनंतर एक वेगळीच अडचण येते, ती म्हणजे चकाकी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सूर्य जितका वर, तितका पाण्यावरचा झगमगाट उपग्रहाच्या डोळ्यात जास्त. ओळखायचं कसं? १६१० नॅनोमीटरचा पट्टा उघडा. त्या तरंगलांबीला पाणी काळंकुट्ट दिसायला हवं. राखाडी दिसलं, लाटांच्या रेघा दिसल्या, तर ते चित्र सोडून द्या. चकाकी काढून टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच्या फेरीचं वेळापत्रक आधीच मिळतं. आपला बोटीतला दिवस त्या तारखेलाच लावायचा.

पायरी तिसरी: बाटली

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त घाण होते.

माझी पहिली खेप अशी: एप्रिलचा शेवट, शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या नळाखाली विसळल्या, हिप्परग्याचं पाणी भरलं, स्कूटरच्या डिकीत टाकलं, वाटेत जेवलो, दुपारी चारला कॉलेजात पोचलो. डिकी उघडली तर बाटल्या हाताला चटका देण्याइतक्या गरम. पाण्यातल्या जिवाणूंची तोवर मेजवानी होऊन गेली होती आणि बाटलीत आधीच्या पेयाची आणखी काय काय भर पडली ते देव जाणे. एकाच जागेच्या तीन बाटल्यांचे तीन आकडे आले. त्या दिवसाच्या वहीत फक्त एक रेघ आहे.

बरोबर रीत अशी. तपकिरी काचेच्या बाटल्या, आधी सौम्य आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुतलेल्या. तपकिरी नसतील तर साध्या काचेच्या बाटल्यांना जेवणाच्या डब्यातला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा. जागेवर त्याच पाण्याने तीनदा विसळा, तेही बोटीच्या ज्या बाजूला डिझेलचा तवंग नाही त्या बाजूला. हात पाण्यात वीतभर खाली घालून बाटली भरा, म्हणजे वरची साय आत येत नाही. बर्फाच्या डब्यात, अंधारात ठेवा. बाटलीवर पेन्सिलने पूर्ण नाव, वेळ, अक्षांश-रेखांश लिहा. नुसतं 'उ-३' लिहाल तर सहा महिन्यांनी उजनी की उळे, यावर वाद होतो.

गाळणी दोन टप्प्यांत. आधी काचतंतूंचा ०.७ मायक्रॉनचा फिल्टर, शक्यतो भट्टीत ४५० अंशांवर काही तास भाजलेला, म्हणजे त्यावरचा सेंद्रिय मळ जळून जातो. मग ०.२ मायक्रॉनचा. इथे एक बारीक गोष्ट: फिल्टरमधूनच थोडं द्रव्य पाझरतं, म्हणून पहिलं २०-३० मिलिलिटर पाणी फेकून द्या. गाळलेलं पाणी ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. एक-दोन दिवसांत मोजा.

बोटीचं म्हणाल तर जॅकेट घातल्याशिवाय चढू नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून माणसं गेली. उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर वारा कधी उठेल सांगता येत नाही, आणि आपलं काम तसंही अकराच्या मागेपुढे आटपतं. भिंतीच्या जवळच्या भागात परवानगीशिवाय जायचं नाही.

पायरी चौथी: मोजणी

बहुतेक कॉलेजांच्या रसायन विभागात अतिनील-दृश्य स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो आणि त्यासोबत १ सेंटिमीटरची क्युवेट, म्हणजे पाण्याचा नमुना भरायची पारदर्शक कुपी. त्याच क्युवेटने मोजायला बसलात तर काय होतं बघा. सूत्र सोपं आहे: यंत्र दाखवतं त्या शोषणांकाला २.३०३ ने गुणायचं आणि क्युवेटच्या मीटरमधल्या लांबीने भागायचं.

समजा ४४० नॅनोमीटरला शोषणांक ०.००५ आला. २.३०३ गुणिले ०.००५ भागिले ०.०१, म्हणजे प्रति मीटर १.१५. दिसायला छान. पण साध्या यंत्रात ०.००१ ची चूक सहज होते, आणि तेवढ्याने उत्तर ०.२३ ने हलतं. पाचवा हिस्सा गेला! तेच पाणी १० सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये घेतलं तर शोषणांक ०.०५० येतो आणि तीच चूक फक्त ०.०२३ चा फरक करते. म्हणून १० सेंटिमीटरची क्युवेट मागून घ्या, उसनी आणा, विभागप्रमुखांच्या मागे लागा. ३२० नॅनोमीटरच्या खालचं मोजायचं असेल तर ती क्वार्ट्झची हवी, कारण साधी काच तिथला प्रकाश स्वतःच खाते.

कोरी मोजणी, म्हणजे यंत्राचं शून्य ठरवणारी मोजणी, अतिशुद्ध पाण्याने घ्यायची. फ्रीजमधलं पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर क्युवेटवर घाम येतो आणि तो घाम तुम्ही 'सीडॉम' म्हणून वहीत लिहिता. २५० ते ७०० नॅनोमीटर पूर्ण आलेख घ्या. ७०० च्या आसपास सीडॉम जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे तिथे जो उरलासुरला आकडा दिसेल तो सगळ्या आलेखातून वजा करा. मग ३५० ते ५०० च्या पट्ट्यातून उतार काढा. उतार ०.०१ च्या खाली आला तर गाळणी फाटली असण्याची शक्यता मोठी.

पायरी पाचवी: चित्र उतरवणं, आणि तो हजाराचा घोळ

कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर खातं काढा, तारीख आणि जागा निवडा, आणि 'एल१सी' पातळीचं चित्र घ्या. ही हवेसकट आलेली कच्ची पातळी. 'एल२ए' मध्ये हवा काढलेली असते खरी, पण ती रीत जमिनीसाठी बनवली आहे. काळ्याभोर पाण्यावर ती गडबडते.

आता तो घोळ. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवून फाइल दिली जाते. आधी आकड्याला १०,००० ने भागलं की परावर्तन मिळायचं. आता आधी १००० वजा करायचे आणि मग भागायचं. मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षांचा आलेख काढला तर जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सरता सरता उजनी एकाएकी तपकिरी झालेली, आणि नंतर कायमच तशी! दोन दिवस मी कारणं शोधत होतो. अवकाळी पाऊस झाला का, वरून कुणी काही सोडलं का. एका कागदावर तर 'संशयास्पद विसर्ग' असं लिहूनही ठेवलं होतं. कारण अंकगणितात होतं. खरे आकडे ६०० आणि ४०० असतील तर हिरवा भागिले लाल येतं १.५. दोन्हींत १००० मिळवले की १६०० भागिले १४००, म्हणजे १.१४. गुणोत्तर पडलं, आणि पडलेलं गुणोत्तर म्हणजे जास्त सीडॉम, असं सूत्र समजतं.

निव्वळ तारखेवरही विसंबू नका. जुन्या चित्रांवर पुन्हा प्रक्रिया करून त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. फाइलच्या नावात 'एन' अक्षरापुढे चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर १००० वजा करायचे. गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर 'हार्मोनाइज्ड' म्हणून जो संच आहे तोच घ्या, त्यात हे काम झालेलं असतं.

पायरी सहावी: हवा काढणं

उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो, त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यावर टेकलेलाच नसतो. तो हवेतूनच माघारी गेलेला असतो. उरलेल्या दहा टक्क्यांत आपली गोष्ट आहे. मोकळ्या समुद्रात युक्ती अशी की जवळच्या अवरक्त प्रकाशात पाणी काळं असतं, त्यामुळे तिथे जे दिसेल ते हवेचं समजून वजा करायचं. उजनीत गाळ आणि शेवाळ तिथेही उजळतात. ती युक्ती तशीच लावली की हवा जास्त वजा होते आणि निळ्या पट्ट्याचं परावर्तन ऋण येतं. ऋण परावर्तन दिसलं की थांबायचं. प्रकाश उणे नसतो.

उणे फक्त उजनीचा साठा असतो. ते दुसरं गणित आहे, त्याकडे शेवटी येऊ.

धरणांसाठी बेल्जियममध्ये तयार झालेलं ॲकोलाइट हे मोफत सॉफ्टवेअर नवख्यांना सगळ्यात सोपं. चित्रातल्या सगळ्यात काळ्या ठिपक्यांवरून ते हवेचा अंदाज बांधतं आणि तो हजाराचा घोळही स्वतःच निस्तरतं. दुसरा पर्याय युरोपीय अवकाश संस्थेच्या स्नॅपमधला सीटूआरसीसी. तो लगेच सीडॉमसदृश आकडाही काढून देतो, पण त्या आकड्याच्या प्रेमात पडू नका. दोन्ही चालवून बघा. एकाच ठिपक्याला दोघांत मोठा फरक आला तर त्या दिवशीची हवा धुरकट होती असं समजा. उसाचं पाचट जाळण्याच्या दिवसांत हे वारंवार होतं.

पायरी सातवी: पाणी वेगळं काढा

हिरव्या पट्ट्यातून ८४२ नॅनोमीटरचा पट्टा वजा करून त्यांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याच्या वर असेल ते पाणी. या चाळणीत जलपर्णी आणि दाट शेवाळाची साय आपोआप बाहेर पडते, कारण ती अवरक्तात झाडासारखी चमकते. काठापासून दोन-तीनशे मीटरचा पट्टा मुद्दाम सोडा.

पायरी आठवी: गुणोत्तर

सीडॉमची खरी खूण निळ्यात असते, पण निळ्यातच हवेची गडबड सगळ्यात जास्त. त्यामुळे धरणं-तळ्यांसाठी ५६० भागिले ६६५, म्हणजे हिरवं भागिले लाल, हे गुणोत्तर वापरतात. सीडॉम वाढलं की हिरवं लालपेक्षा जास्त घटतं आणि गुणोत्तर खाली येतं. सूत्राचा साचा असा: सीडॉमचं शोषण म्हणजे एक स्थिरांक गुणिले गुणोत्तराचा ऋण घात. स्थिरांक आणि घात हे दोन आकडे तुमच्या बाटल्यांतून यायला हवेत.

तयार स्क्रिप्टमध्ये हे आकडे भरलेले मिळतात. ते उत्तर युरोपातल्या, जंगलातून झिरपून आलेल्या तपकिरी तळ्यांवर बेतलेले आहेत. उजनीत लावले तरी नकाशा निघतो, देखणाही निघतो. पण त्याचा उजनीशी काडीचाही संबंध नसतो.

आपल्या पाण्यात हे गुणोत्तर दोन बाजूंनी फसवतं. हिवाळ्याच्या शेवटी पाणी शेवाळाने हिरवंगार असतं. हरितद्रव्य ६६५ च्या आसपासचा लाल प्रकाश खातं, लाल घटतं, गुणोत्तर चढतं आणि सीडॉम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. उलट पावसाळ्यानंतर भिगवणच्या वरच्या अंगाला भीमेचा गाळ भरलेला असतो. गाळ लाल पट्टा उजळवतो, गुणोत्तर पडतं आणि सीडॉम फुगून दिसतं. म्हणून ७०५ चा पट्टा सोबत बघा. ६६५ पेक्षा ७०५ ठळकपणे वर असेल तर तिथे शेवाळ आहे, तो ठिपका वेगळ्या गटात टाका. गाळाची जागा ६६५ च्या एकूण उजेडावरून ओळखता येते. तिन्ही गट एकाच रेषेत कोंबायचा मोह आवरा.

पायरी नववी: जुळणी

बाटली भरल्याची वेळ आणि उपग्रहाची वेळ यांत अलीकडे-पलीकडे तीन तासांहून जास्त फरक नको. बाटलीच्या जागेभोवती तीन बाय तीन ठिपक्यांची चौकट घ्या आणि त्यांचा मध्यक वापरा. नऊ ठिपके आपसांतच भांडत असतील तर ती जोडी रद्द. दोन्ही बाजूंचे लॉगॅरिदम घेऊन एक्सेलमध्ये सरळ रेषा टाका, तुमचे दोन आकडे मिळाले. तीसेक जोड्या जमेपर्यंत रेषेवर विश्वास ठेवू नका, आणि त्या जोड्या एकाच दिवसाच्या नकोत. एक तृतीयांश जोड्या रेषा काढताना बाजूला ठेवा आणि नंतर त्यांवरच तिची परीक्षा घ्या. आपणच काढलेला पेपर आपणच सोडवला की शंभर गुण पडतातच.

महिन्याला एक फेरी, प्रत्येक फेरीत सहा जागा, नोव्हेंबर ते मार्च. एवढ्यात एका हंगामात तीस जोड्या होतात. एखाद्या फेरीला ढग आडवा येणार हे धरूनच चाला. त्या दिवशीही बाटल्या भराच, कारण प्रयोगशाळेचा आकडा वाया जात नाही.

नकाशावर काय लिहायचं

तरंगलांबी, एकक प्रति मीटर, चित्राची तारीख आणि वेळ, हवा काढण्याची रीत, बाटल्यांची संख्या आणि मध्यक चूक. आणि एक गोष्ट, जी इतरत्र कुणी लिहीत नाही, ती उजनीच्या नकाशावर हवीच: धरणाची त्या दिवशीची टक्केवारी, चिन्हासकट. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यात ६४ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. वर्तमानपत्रातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, म्हणून उन्हाळ्यात 'उजनी उणे ३०' अशी बातमी येते. अधिक ८० ला जिथे तुम्ही बोटीतून बाटली भरली, तिथे उणे ३० ला कुणाची तरी कलिंगडं असतात. काठ आत सरकतो, उरलेलं पाणी आटून दाट होतं, ऊन रंग उडवत असतं, आणि हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. नोव्हेंबर आणि मेचे नकाशे शेजारी ठेवून 'सीडॉम वाढलं' म्हणण्याआधी दोन्ही तारखांच्या पाण्याच्या चाळण्या एकमेकींवर ठेवा, आणि जे ठिपके दोन्हींत पाणी आहेत तेवढ्यांचीच तुलना करा.